आवड सापडत नाही म्हणजे नेमकं काय हरवलंय?

बावड्याचा_पोरगा | मंगळवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसता वाचत असतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

वय २७, मेकॅनिकल इंजिनिअर. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत (ओतकामाचा कारखाना) क्वालिटीला आहे, चौथं वर्ष. हातात २८ हजार येतात. घर कसबा बावड्यात, स्वतःचं. आई-बाबा धडधाकट, डोक्यावर कर्ज नाही. थोडक्यात रडायला कारण नाही हे मला मान्य आहे, ते परत कुणी सांगू नका.

गेल्या आठवड्यात कंपनीत ट्रेनिंग होतं. बाहेरून एक सर आले होते. त्यांनी बोर्डावर चार वर्तुळं काढली. तुम्हाला काय आवडतं, काय जमतं, जगाला काय हवंय आणि पैसे कशाचे मिळतात. मधे चारी वर्तुळं एकमेकांवर येतात तो तुमचा ‘इकिगाई’, म्हणजे जपानीत जगण्याचं कारण. प्रत्येकाला कागद दिला. शेजारचा डिस्पॅचवाला ‘क्रिकेट’ लिहून मोकळा झाला आणि चहाला गेला. मी वीस मिनिटं पेनाचं टोपण चावत बसलो आणि कागद कोरा दिला. सर हसून म्हणाले, “अभी भी टाइम है.” ते हसणं काही डोक्यातून जाईना.

प्रयत्न केले नाहीत असं नाही. गिटार घेतली, ती माळ्यावर आहे. कॅमेरा घेतला, रंकाळ्यावरच्या सूर्यास्ताचे चारशे फोटो निघाले, सगळे एकसारखे. एक वर्ष स्पर्धा परीक्षेची पुस्तकं उशाशी घेऊन झोपलो. पन्हाळा-पावनखिंड दोनदा केलं. पाय दुखले, मजा आली, आणि परत कामावर गेलो तर सगळं जिथल्या तिथं.

माझ्याबरोबरची पोरं हिंजवडीत आहेत. त्यातला एक ट्रेकिंगचं चॅनल चालवतो, एकीनं केकचा धंदा काढलाय. सगळ्यांना काहीतरी आहे. माझ्यात तो पार्ट बसवायचाच राहिला का? तुम्हाला तुमची आवड कशी कळली ते जरा खरं खरं सांगा. भाषण नको.

---

कट्ट्यावरचा | बुधवार, सकाळी ७:०५

भावा, आधी झोपेची वेळ बदल. पावणेबाराला असले प्रश्न पडतातच. संध्याकाळी गंगावेशीत जा, म्हशीचं ताजं फेसाळतं दूध एक गिलास उभ्या उभ्या मार. निम्मा इकिगाई तिथंच मिटतोय.

---

चोख_हिशेब | बुधवार, सकाळी ९:३१

चार वर्षं, इंजिनिअर, आणि २८ हजार. माझ्या मते तुझा प्रश्न पाचव्या वर्तुळात आहे आणि ते त्या सरांनी काढलं नाही.

मी अकाउंट्समधली बाई आहे, मला भावनांचं फारसं कळत नाही. पण एक बघितलंय. पगारवाढीचा महिना जवळ आला की कंपन्यांना अचानक माणसांच्या जगण्याच्या कारणाची काळजी वाटायला लागते. शिफ्ट किती तासांची आहे तुझी? १९४८च्या फॅक्टरी ॲक्टपासून ठरलेल्या तासांच्या वर काम झालं तर दुप्पट दर, असा नियम आहे. तो लागतो कामगाराला. पोराला ‘इंजिनिअर’ म्हणून खुर्ची दिली की तो थांबतो रात्री नऊपर्यंत, फुकट. मग घरी येऊन त्याला वाटतं की आपल्याला आवड नाही. अरे, आवड असायला अंगात जीव उरावा लागतो.

आधी सहा महिन्यांच्या खर्चाएवढे पैसे बाजूला टाक. ते असले की माणूस मालकाशी वेगळ्या आवाजात बोलतो. इकिगाई नंतर बघू.

---

बावड्याचा_पोरगा | बुधवार, सकाळी ९:५८

ताई, सकाळी आठला जातो, रात्री साडेआठला घरी. ओव्हरटाइम नाही. तुम्ही बरोबर ओळखलंत. तरी पण… सुट्टीच्या दिवशी तर मोकळा असतो. तेव्हाही काही करावंसं वाटत नाही. संध्याकाळी पाच वाजले की उद्याच्या विचारानं पोटात कालवायला लागतं.

---

मृण्मयी_के | बुधवार, दुपारी १:४४

मी २९. आयटीत आहे, लॉकडाऊनमध्ये पुण्याहून परत आले ती इथंच राहिले, घरूनच काम करते. पगार तुझ्यापेक्षा बराच जास्त आहे हे आधीच सांगते, म्हणजे चोख_हिशेब ताईंना उत्तर मिळेल. ते पोटात कालवणं मलाही होतं.

एक प्रसंग सांगते. ऑगस्ट २०१९. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, आणि राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ५५ च्या वर गेलेलं. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली. मी दोन दिवसांसाठी घरी आले होते, ती अडकले. चिखली, आंबेवाडीकडची माणसं बोटीतून आणत होते आणि आमच्याजवळच्या एका शाळेत ठेवत होते. मी नुसती बघायला गेले. कुणीतरी हातात वही दिली आणि म्हणालं, “तुझं अक्षर बरं असंल, नावं लिही.”

आठ दिवस मी याद्या केल्या. कुटुंबप्रमुख, माणसं किती, औषध कुणाला कुठलं, कुणाचा नातेवाईक दुसऱ्या कुठल्या शाळेत. पहिल्या दिवशीची एक आजी आठवते. चटणी-भाकरी समोर ठेवलेली आणि ती हात लावेना. म्हणाली, “माणसांची नावं घेतलीस, माझ्या म्हशीचं कोण घेणार?” मग मी मागच्या पानावर जनावरांची यादी सुरू केली. म्हैस, काळी, डावं शिंग मोडकं, गोठा अमुक ठिकाणी. ते लिहून तिला वाचून दाखवलं तेव्हा तिनं भाकरी मोडली. दुसऱ्या दिवसापासून माणसं आपणहून मागच्या पानासाठी रांग लावायला लागली.

त्या आठ दिवसांत आपण हे का करतोय असा प्रश्न मला एकदाही पडला नाही. पाणी उतरलं, मी पुण्याला गेले, लॅपटॉप उघडला आणि इतकं पोकळ वाटलं की दोन महिने सुधरत नव्हते. पूर काही रोज येत नाही, आणि येऊही नये. मग काय करायचं?

मला कळायला फार उशीर लागला की त्यात मला आवडलेली गोष्ट ‘समाजसेवा’ नव्हती. यादी आवडली होती. विस्कटलेलं काहीतरी ओळीत लावायचं आणि ते कुणाच्या तरी उपयोगी पडायचं. आता शनिवारी दोन तास एका जुन्या वाचनालयात जाते. कपाटातल्या पुस्तकांची नोंद नाही, कार्डं फाटलेली, ती नव्यानं करते. कुणाला सांगितलं तर जांभई देतात. तुझ्या त्या कागदावर मी असते तर मीसुद्धा कोराच दिला असता. ‘याद्या करणे’ असं कोण लिहील?

---

कट्ट्यावरचा | बुधवार, दुपारी २:१०

म्हशीवर आला की नाही विषय? मी सकाळीच म्हणालो होतो.

(आजीचं वाचून मात्र घशाशी आलं, ताई. आमचं घर शुक्रवार पेठेत, २०२१ ला पण पाणी बघितलंय.)

---

चहा_बिनसाखरेचा | बुधवार, रात्री ८:२५

मी समुपदेशक आहे, दहाएक वर्षं कॉलेजच्या मुलांशी बोलते. दोन गोष्टी सांगते.

त्या चार वर्तुळांना फार मान देऊ नकोस. ती आकृती जपानमधली नाहीच. मूळची ती ‘जीवनाचा हेतू’ अशा नावानं एका स्पॅनिश ज्योतिषानं काढलेली, आंद्रेस झुझुनागा त्याचं नाव. २०१४ मध्ये मार्क विन नावाच्या एका ब्रिटिश ब्लॉगलेखकानं मधला शब्द खोडून तिथं ‘इकिगाई’ लिहिलं आणि ते चित्र जगभर गेलं. म्हणजे तू एका ज्योतिषाच्या कुंडलीत नापास झालायस, एवढंच. जपानमध्ये या विषयावर मिएको कामिया या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९६६ मध्ये लिहिलं. त्या एका बेटावरच्या कुष्ठरुग्णालयात काम करत. तिथल्या माणसांकडे पगार नव्हता, करिअर नव्हतं, कित्येकांना घरानं टाकलेलं. तरी काहींना सकाळी उठावंसं वाटायचं, काहींना नाही. हा फरक का, असा त्यांचा प्रश्न होता. त्यात पैसे मिळण्याचं वर्तुळ कुठून येणार?

दुसरी गोष्ट, तू गिटारचं लिहिलंस म्हणून. २०१८ मध्ये ओ’कीफ, ड्वेक आणि वॉल्टन यांनी काही प्रयोग छापले. काही माणसं मानतात की आवड आधीच आत कुठंतरी तयार असते, फक्त सापडायची असते. काही मानतात की ती हळूहळू तयार होते. दोन्ही तऱ्हेच्या मुलांना कृष्णविवरांवरचा एक मजेदार व्हिडिओ दाखवला. सगळ्यांना आवडला. मग त्याच विषयावरचा अवघड लेख वाचायला दिला. ‘सापडते’ म्हणणाऱ्यांचा उत्साह जास्त उतरला. त्यांच्या लेखी अवघड गेलं याचा अर्थच हा की ही आपली गोष्ट नव्हे.

एक विचारू? गिटार किती दिवसांनी सोडलीस?

---

बावड्याचा_पोरगा | बुधवार, रात्री ८:५१

पाचवा आठवडा. बोटांना घट्टे पडायच्या आधीच. 😐

---

लालमाती | बुधवार, रात्री ११:१५

मी सहसा लिहीत नाही. पण सगळे ‘आवड कशी सापडली’ ते सांगायला लागलेत, तर ज्याला ती बाराव्या वर्षीच सापडली त्याचं काय झालं तेही ऐक.

गाव पन्हाळा तालुक्यात. वडलांनी तालमीत आणून सोडलं तेव्हा मी सहावीत होतो. पहाटे चारला उठायचं, जोर, बैठका, मग हौद्यात. खुराकासाठी वडलांनी दोन म्हशी ठेवल्या होत्या. त्यांचं दूध एसटीनं यायचं, किटलीवर माझं नाव. तूप, बदाम, थंडाई. बहिणीच्या लग्नाआधी माझ्या खुराकाचा विचार व्हायचा, ही गोष्ट तेव्हा मला नॉर्मल वाटायची. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान आहे ना, १९१२ चं, खाली खोलगट आणि भोवती माणसं. त्यात मी पहिल्यांदा उतरलो तेव्हा अठरा वर्षांचा होतो. वर बघितलं तर नुसती तोंडं. त्या दिवशी मला कुणी विचारलं असतं, ‘तू कशासाठी जन्मलास?’, तर हसू आलं असतं. एवढी साधी गोष्ट काय विचारतोय!

तेविसाव्या वर्षी गुडघा गेला. सरावात, एका साध्या पकडीत. खाड्कन आवाज झाला, तो समोरच्यालाही ऐकू गेला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालशील, पळशील, कुस्ती नको.

पुढची दोन वर्षं मी तालमीच्या रस्त्यानं गेलो नाही. लांबचा वळसा घालून जायचो. ज्याची आवड सापडलेली नसते त्याला निदान पुढं काहीतरी आहे असं वाटतं. माझ्या मागंच सगळं होतं. शिक्षण बारावी, हातात कसब एकच, आणि त्याचा उपयोग शून्य. घरच्यांनी एवढं ओतलेलं, त्यांच्यासमोर जेवायला बसायची लाज वाटायची. वजन ११० वर गेलं. यापेक्षा जास्त लिहीत नाही.

आता एका दूध संस्थेत टँकरच्या नोंदीचं काम आहे. फॅट, एसएनएफ, लिटर, गाडी नंबर. काम बरं आहे. जीव बिव काही लागलेला नाही त्यात, पण पोरीची फी जाते, आईचं औषध येतं. त्याबद्दल मी कुणाची माफी मागत नाही.

आणि दर गुरुवारी पहाटे जुन्या तालमीत जातो. पोरांना शिकवायला नाही, ते मला झेपत नाही, अजून बघवत नाही. हौदा उकरायला जातो. खोरं घेऊन माती खालून वर करायची, ढेकळं फोडायची, मग हळद, ताक, लिंबू, तेल घालून मळायची. पहिल्यांदा गेलो तेव्हा वस्ताद काही बोलले नाहीत, खोरं कुठं आहे तेवढं बोटानं दाखवलं. माती बरोबर झाली की पायाला कळतं. गार लागते आणि टाचेखाली दबून परत वर येते. पोरं आली की मी निघतो.

खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीला ब्राँझ आणलं. त्यांना पाठवायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर ७ हजारांना गहाण टाकलं होतं. आमच्याकडं ही गोष्ट पोरगं माती लावायला लागलं की सांगतात. पुढची सांगत नाहीत. पदकानंतर तीन वर्षांनी, १९५५ ला, खाशाबा पोलिसात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. ड्युटी केली. ऑलिम्पिक पदकवाल्यालासुद्धा नोकरी करावी लागली, आणि आपण आवडीवर पोट भरलं नाही म्हणून रात्री जागतोय.

---

चोख_हिशेब | गुरुवार, सकाळी ८:४०

लालमाती, तुमची पोस्ट दोनदा वाचली. बाकी काही लिहीत नाही.

---

पुण्यातला_कोल्हापुरी | गुरुवार, सकाळी १०:१२

आवड आणि नोकरी दोन्ही होतं की! कांबळवाडीचा स्वप्निल कुसळे बघा. आपल्या राधानगरी तालुक्यातलं एवढंसं गाव. २०१५ ला रेल्वेत टीसी म्हणून लागला, आणि १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ. इच्छा असली की वेळ निघतो. नाद खुळा!

---

लालमाती | गुरुवार, सकाळी १०:३०

दादा, त्याचा मला तुमच्याइतकाच अभिमान आहे. फक्त तो पोरगा शाळेत असतानाच सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, आणि रेल्वेची नोकरीसुद्धा नेमबाज म्हणूनच मिळालेली. साडेबारा तास बाहेर राहून घरी आलेल्या माणसाला हे उदाहरण देऊ नका. त्याला वाटेल आपल्यात इच्छाच कमी.

---

पुण्यातला_कोल्हापुरी | गुरुवार, सकाळी १०:३४

मान्य. घाईत लिहिलं.

---

उद्यमनगरचा_मामा | गुरुवार, दुपारी ४:०२

माझं वय ६१. उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप हाय, आता पोरगा बघतो, मी खुर्चीत बसून हे वाचतो. मोबाईलवर टाइप करतोय, चुका काढू नका.

बावडेकर, मला एक सांग. फौंड्रीत चार वर्षं हाईस आणि एवढ्या मोठ्या पत्रात फौंड्रीचा एक शब्द नाही. गिटार आली, कॅमेरा आला, पन्हाळा आला. दिवसाचे बारा तास जिथं काढतोस तिथं काय ओततात, काय बिघडतं, एक अक्षर नाही. तू तिथं असतोस का नुसता हजेरी लावतोस?

कामावर प्रेम कर असलं काही मी सांगत नाही. माझंच अर्धं आयुष्य लेथला शिव्या देण्यात गेलं. मी फक्त विचारतोय, तुझ्या फौंड्रीत साच्याची वाळू कोण बघतं?

---

बावड्याचा_पोरगा | गुरुवार, रात्री ९:२०

मामा, वाळूचा रिपोर्ट लॅबमधून येतो. मॉइश्चर, पर्मिअॅबिलिटी वगैरे. मी तो शीटमध्ये भरतो.

सँड प्लँटवर एक नाना आहेत, रिटायरमेंटला आलेले. त्यांच्याशी माझं कधी बोलणं झालेलं नाही.

---

उद्यमनगरचा_मामा | गुरुवार, रात्री ९:३३

उद्या डबा घेऊन नानाजवळ जाऊन बस. चार दिवस काही विचारू नको. मग लिही हितं.

---

चोख_हिशेब | गुरुवार, रात्री ९:५०

मामा, राग मानू नका, पण याला मी मालकाचं तत्त्वज्ञान म्हणते. पोरानं फुकटात बारा तास द्यायचे आणि वर जेवणाच्या सुट्टीत वाळूत जीव रमवायचा. फायदा कुणाचा? तुमच्या वर्कशॉपमधल्या पोरांना ओव्हरटाइम देता का?

---

उद्यमनगरचा_मामा | गुरुवार, रात्री १०:०४

देतो बाई. दुप्पट नाही, दीडपट देतो. खोटं बोलत नाही.

पगार वाढवून मागायलाच पाहिजे, तुमचं खरं हाय. पण पगार मागायला जाताना ह्याच्या हातात काय असणार? शीट भरणारा उद्या दुसरा मिळतो. वाळू कळणारा मिळत नाही.

---

कट्ट्यावरचा | गुरुवार, रात्री १०:१५

दीडपटवर मामांना धरलंय ताईंनी. जाळ आणि धूर संगटच! शनिवारी मिसळ खाऊ आणि मिटवू. कुठली ते ठरवा.

*(पुढच्या १४ पोस्टी ‘कुठली मिसळ’ या चर्चेच्या असल्यानं वेगळ्या धाग्यावर हलवल्या आहेत. रश्शाचा विषय इथं काढू नये. – संपादक)*

---

बावड्याचा_पोरगा | पाच आठवड्यांनंतर, रविवार, सायंकाळी ६:४०

धागा वर काढतोय. लांबलचक आहे.

मामांनी सांगितलं तसं नानांजवळ जाऊन बसलो. पहिले दोन दिवस ते माझ्याकडं संशयानं बघत होते. साहेबांनी पाठवलाय असं वाटलं त्यांना. तिसऱ्या दिवशी मलरमधून (वाळू मळायचं मशीन) वाळू निघाली, त्यांनी एक मूठ उचलली, दाबली, तळहात उघडला. वाळूवर बोटांचे ठसे जसेच्या तसे, तळव्याला एक कण चिकटलेला नाही. मग दोन्ही हातांत धरून मधोमध मोडली. मोडलेली कड बघितली आणि म्हणाले, “पाणी जास्ती झालंय थोडं.” मी हसलो. सॅम्पल घेऊन लॅबमध्ये गेलो. आमचं टार्गेट साडेतीन टक्क्यांपर्यंत असतं, मशीननं ३.९ दाखवलं. परत आलो तर नाना डब्यातला कांदा फोडत होते. विचारलंसुद्धा नाही किती आलं ते.

आता मी रोज मूठ दाबतो. अजून जमत नाही. पंधरा वेळांत चार वेळा बरोबर येतो. नाना म्हणतात, “तुझ्या हाताला घाम येतो, आधी हात पूस.”

त्याच दरम्यान दुसरं एक झालं. आमचा एक पार्ट आहे, आतून पोकळ, त्याचं रिजेक्शन पावसाळ्यात वाढतं. सगळे म्हणतात, पावसाळा आहे, वाढणारच. मी पहिल्यांदाच जुन्या शीट काढून बसलो, गेल्या वर्षीच्याही. मीच भरलेल्या, कधी न वाचलेल्या. (मृण्मयीताई, यादी!) तर साप्ताहिक सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी हमखास उडी दिसते. इतर दिवशी ठीक. पाऊस काय सुट्टी बघून पडतो? मग सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी थांबलो. कोअर (पार्ट आतून पोकळ राहावा म्हणून साच्यात ठेवायचे वाळूचे आकार) करून ठेवतात ते शेडच्या पश्चिमेच्या भिंतीलगत, रॅकवर. भिंतीला हात लावला तर ओल. आमचे कोअर सिलिकेटचे, सीओटू मारून कडक केलेले, ते ओल धरतात. दीड दिवस तिथं बसून मग त्यांच्यावर चौदाशे डिग्रीचं लोखंड पडतं. पाण्याची वाफ जाणार कुठं? कास्टिंगमध्येच.

सुपरवायझरला सांगितलं तर म्हणाला, “आत्ताच कळलं व्हय?” नाना म्हणाले, त्यांनी हे सहा वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, रॅक हलवायला कुणी तयार नाही कारण तिथून मोल्डिंग लाइन जवळ पडते. म्हणजे मी काही शोध बिध लावलेला नाही. पण दोन आठवडे आम्ही सुट्टीनंतरचे कोअर बर्नरनं परत सुकवून वापरतोय आणि आकडा खाली आलाय.

चोख_हिशेब ताई, तुमचंही ऐकलं. कागद घेऊन साहेबांकडं गेलो, रिजेक्शन किती वाचलं त्याचा हिशेब घालून. ते म्हणाले, “शाब्बास. एप्रिलमध्ये बघू.” त्यामुळं गोकुळ शिरगावला एका ठिकाणी इंटरव्ह्यू देऊन आलो. त्यांनी विचारलं, चार वर्षांत काय केलंस? पहिल्यांदा दहा मिनिटं सलग बोललो. अजून कळवलेलं नाही त्यांनी.

आवड सापडली का, तर खरंच माहीत नाही. फौंड्री ही माझी पॅशन आहे असं म्हणायला मला हसू येतं. धूळ आहे, उकाडा आहे, रोज नाक काळं होतं. आज रविवार आहे आणि पोटात थोडं कालवतंय. पण उद्या सकाळी रॅकवरचे कोअर कुणी सुकवायला विसरलं नाही ना, हेही डोक्यात आहे. हे दुसरं आधी नव्हतं.

---

चहा_बिनसाखरेचा | रविवार, सायंकाळी ७:१५

पाचवा आठवडा ओलांडलास की रे.

---

चोख_हिशेब | रविवार, सायंकाळी ७:३०

‘एप्रिलमध्ये बघू’ हे मेलवर लिहून घे. आणि नव्या ठिकाणी ४० च्या खाली बोलू नकोस.

---

लालमाती | रविवार, रात्री ९:०५

मूठ दाबून मोडायची, हे आमच्याकडंही आहे. मातीत ताक जास्त झालं की असंच बघतात. एकदा गुरुवारी ये पहाटे. नानांनाही आण.

---

बावड्याचा_पोरगा | रविवार, रात्री ९:२२

नानांना विचारतो. पहाटे म्हणजे किती वाजता?

मामा, एक शंका. काल फोडलेल्या एका कास्टिंगमध्ये अजून भोक निघालं, कोअर सुकवलेला असूनही. आतून खरबरीत आहे, कड वेडीवाकडी. हा पण ब्लो होलच का, म्हणजे वाफेनं पडलेलं भोक?

---

उद्यमनगरचा_मामा | रविवार, रात्री ९:४०

ब्लो होल आतून गुळगुळीत असतंय, चकचकीत, वाफेनं घासल्यागत. खरबरीत असलं तर वेगळं बगाय लागंल. आत वाळूचे कण हाईत का? असले तर साच्याची वाळू सुटून पडलीय, नानाला दाखव. कण नसले आणि जाड भागातच भोक असलं तर लोखंड थंड होताना आकसलंय, मग रायझर (आकसताना जादा लोखंड पुरवतो तो भाग) कुठं दिलाय ते बघ.

अंदाजानं बोलू नको. उद्या उजेडात फोटो काढ, शेजारी पट्टी ठेवून. कॅमेरा हाय की तुझ्याकडं.